संभाव्यता आणि फल शिकवताना: सहावी ते आठवीच्या गणित शिक्षकांना पडणारे प्रश्न

हे दोन धडे एकत्र का घेतले? पुस्तकात तर ते वेगवेगळे असतात.

कारण मुलं दोन्हीकडे एकाच जागी अडतात. तोपर्यंतच्या गणितात प्रश्नाला एक उत्तर असतं आणि ते मिळालं की काम संपतं. संभाव्यतेत मात्र "आता काय येईल" हे सोडून "काय काय येऊ शकतं" याची यादी करावी लागते. फलात (म्हणजे फंक्शनमध्ये) "क्ष ची किंमत किती" हे सोडून "क्ष बदलत गेला तर य चं काय होतं" हे बघावं लागतं. दोन्हीकडे तक्ता लागतो आणि दोन्हीकडे घाईघाईने दिलेलं सूत्र पुढे त्रास देतं. खालच्या बहुतेक उत्तरांत एकच आग्रह दिसेल: आधी मुलांचा अंदाज वहीत लिहून घ्या, मग प्रयोग आणि तक्ता, सूत्र सगळ्यात शेवटी.

व्याख्येपासून सुरुवात केली तर बिघडतं काय?

"अनुकूल निष्पत्ती भागिले एकूण निष्पत्ती" हे पाठ व्हायला पाच मिनिटं पुरतात. मग मुलं कुठल्याही गणितात वर एक संख्या, खाली एक संख्या टाकून मोकळी होतात. सगळ्या निष्पत्ती समसंभाव्य आहेत का, म्हणजे प्रत्येकीची शक्यता सारखीच आहे का, हे कोणी विचारत नाही. "उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही, दोनच शक्यता, म्हणून १/२" हे उत्तर याच पाठांतरातून येतं. त्यावर "चूक" असा शेरा मारून उपयोग नाही, कारण मुलाने तुमचंच वाक्य वापरलेलं असतं.

मग पहिल्या तासाला काय करायचं?

दोन फासे आणि एक खेळ. मुलांच्या जोड्या करा. फासे टाकायचे आणि मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची. फरक ०, १ किंवा २ आला तर पहिल्याला गुण. ३, ४ किंवा ५ आला तर दुसऱ्याला. टाकायच्या आधी प्रत्येकाने वहीत लिहायचं: खेळ बरोबरीचा आहे का? बहुतेक मुलं "हो" लिहितात, कारण याच्याकडे तीन संख्या, त्याच्याकडेही तीन.

प्रत्येक जोडीने तीसेक वेळा खेळू द्या आणि सगळ्यांचे गुण फळ्यावर एकत्र मांडा. पहिल्या खेळाडूंच्या गुणांची बेरीज दुसऱ्यांच्या दुपटीच्या आसपास जाते. एखाद्या जोडीत उलटंही घडतं, ते झाकू नका. पुढच्या तासाला कामाला येतं.

आता "असं का?" हा प्रश्न मुलांकडूनच येतो. तेव्हा सहा बाय सहाची चौकट काढायची: आडवा पहिला फासा, उभा दुसरा, प्रत्येक घरात फरक. छत्तीस घरं भरली की आकार डोळ्यांसमोर येतो. मधल्या तिरक्या रेषेवर सगळी शून्यं, सहा. तिच्या दोन्ही बाजूंना एकची रेष, पाच आणि पाच मिळून दहा. मग दोनची आठ घरं, तीनची सहा, चारची चार, पाचची दोन. पहिल्याकडे ६ + १० + ८ म्हणजे २४ घरं, दुसऱ्याकडे १२. संभाव्यता २/३ आणि १/३.

या चौकटीवर एक अख्खा तास गेला तरी जाऊ द्या. "शून्य सहाच वेळा, मग एक दहा वेळा का?" यावर मुलांना भांडू द्यावं. शून्याची रेष एकच असते, बाकीच्या प्रत्येकीला जुळी बहीण असते, हे कोणीतरी म्हणतंच. आणि ६, १०, ८, ६, ४, २ ही यादी सांभाळून ठेवा. फरक दिला की त्याच्या घरांची संख्या सांगणारा हा तक्ता म्हणजे फलच आहे, आणि त्याचा नियम पहिल्याच पायरीवर मोडतो. १ पासून ५ पर्यंत "सहातून फरक वजा करा आणि दुप्पट करा" चालतं. ० ला तेच केलं तर १२ येतात, खरी घरं सहा. नियम कुठपासून कुठपर्यंत लागू आहे हे सांगावं लागतं, ही गोष्ट यापेक्षा सोप्या उदाहरणात मला सापडलेली नाही.

दोन नाणी टाकली की मुलं तीनच शक्यता मोजतात: दोन छापे, दोन काटे, एक-एक. हे कसं मोडायचं?

ही चूक करणारी मुलं एकटी नाहीत. फ्रेंच गणिती दालांबेर यांनी १७५४ मध्ये फ्रेंच ज्ञानकोशातल्या नोंदीत लिहिलं, की दोन फेकींत किमान एक छापा येण्याची संभाव्यता २/३ मानायला हवी. पहिल्याच फेकीत छापा आला तर खेळ तिथेच संपला, म्हणून एक शक्यता, नाहीतर काटा-छापा आणि काटा-काटा, एकूण तीन. बरोबर उत्तर ३/४ आहे. वर्गात हा युक्तिवाद त्यांचं नाव न घेता मांडा आणि मुलांना त्यातली खोट शोधू द्या. नाव नंतर सांगितलं की त्यांना भारी वाटतं.

चूक मोडायचा सोपा मार्ग म्हणजे दोन वेगळ्या आकाराची नाणी. "मोठ्यावर छापा, लहानावर काटा" आणि "मोठ्यावर काटा, लहानावर छापा" या दोन वेगळ्या घटना आहेत हे तेव्हा दिसतं. मग विचारा: दोन्ही नाणी हुबेहूब सारखी असती, तर नाण्यांना ते कळलं असतं का?

थोड्या तयार वर्गाला गॅलिलिओपुढे आलेला प्रश्न द्या. तीन फाशांची बेरीज ९ सहा प्रकारे लिहिता येते, १० ही सहाच प्रकारे. तरी खेळणाऱ्यांचा अनुभव होता की १० जास्त वेळा येतात. मोजलं तर २१६ निष्पत्तींपैकी ९ च्या २५ आणि १० च्या २७. तीनही फाशांवर तीन पडणं एकाच तऱ्हेने घडतं, पण ६, २, १ सहा तऱ्हांनी पडतात. सगळा फरक तिथून आला.

"लागोपाठ पाच छापे आले, आता काटा येणारच." हे डोक्यातून जात नाही.

जाणारही नाही, निदान नुसत्या सांगण्याने तरी. "नाण्याला आठवण नसते" हे वाक्य मुलं मान डोलावून ऐकतात आणि पुढच्याच गणितात विसरतात.

एक प्रयोग करून बघा. निम्म्या वर्गाने नाणं खरोखर शंभर वेळा टाकून छापा-काट्याची रांग लिहायची. उरलेल्यांनी नाणं न टाकता, मनानेच शंभरची रांग लिहायची, अशी की खरी वाटावी. कागदांवर नावं नकोत. तुम्ही वर्गाबाहेर थांबा आणि नंतर येऊन कुठली खरी, कुठली बनावट ते ओळखा. युक्ती एवढीच: सलग पाच किंवा जास्त वेळा तेच आलेलं शोधायचं. शंभर फेकींच्या खऱ्या रांगेत असा पट्टा जवळजवळ नेहमीच असतो. मनाने लिहिणाऱ्याचा हात तीन-चार सारखे झाले की आपोआप बदलतो. एखादा कागद चुकेल, पण बहुतेक बरोबर निघतील. मुलांना जादू वाटते, आणि ती कशी केली हे सांगताना अख्खा मुद्दा सांगून होतो.

प्रयोगाचं उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळत नाही. मुलं म्हणतात, मग पुस्तक खोटं.

दहा फेकींत सात छापे आले तर पुस्तक खोटं पडत नाही, दहा फेकी कमी पडतात. इथे हाताशी मोठे आकडे असलेले बरे:

- अठराव्या शतकात ब्युफाँ यांनी ४,०४० फेकी केल्या, त्यात २,०४८ छापे.
- कार्ल पिअरसन यांच्या २४,००० फेकींत १२,०१२ छापे.
- जॉन केरिच हे दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये नजरकैदेत होते. तिथे त्यांनी १०,००० वेळा नाणं टाकलं, छापे ५,०६७.

केरिच यांचा आकडा नीट बघायला लावा. निम्म्यापेक्षा ६७ छापे जास्त आहेत. दहा फेकींत सात आले तेव्हा जादा होते फक्त दोन. म्हणजे छाप्यांच्या संख्येतली तफावत वाढली, पण गुणोत्तर ०.७ वरून ०.५०६७ वर आलं. "शेवटी सगळं समान होतं" असं आपण फळ्यापाशी सहज बोलून जातो आणि ते चुकीचं आहे. पुढे काटे जास्त पडून हिशेब फिटतो असं काही होत नाही. एकूण फेकी वाढत गेल्या की जुना फरक त्यांत विरून जातो. याकोब बर्नुली यांनी हे सिद्ध केलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १७१३ मध्ये छापलं गेलं.

वर्गात याचा आलेख काढा. क्ष-अक्षावर आतापर्यंतच्या फेकी, य-अक्षावर आतापर्यंतच्या छाप्यांचं गुणोत्तर. सुरुवातीला रेष उड्या मारते, मग हळूहळू ०.५ च्या आसपास निवते. प्रत्येक गटाचा आलेख वेगळा येतो, शेपूट मात्र सगळ्यांचं सारखं. (हाही आलेख फलाचाच, हे जाता जाता सांगून ठेवा.)

नाणी-फासे सोडून दुसरं काही?

ड्रॉइंग पिन. ती टोक वर करून पडते किंवा आडवी. दोनच शक्यता, पण १/२ म्हणायला काहीच आधार नाही. टाकून मोजण्याशिवाय गत्यंतर नाही. प्रायोगिक संभाव्यता कशासाठी लागते ते पिनमुळे लगेच पटतं. बाटलीचं झाकणही चालतं, आणि टोचत नाही.

पालक म्हणतात, फासे आणि पत्ते म्हणजे जुगार शिकवताय.

रंगीत मणी, फिरती चकती, क्रमांकांच्या चिठ्ठ्या वापरा. गणित तेच राहतं. पण हेही खरं, की जुगारात खेळवणाराच का जिंकतो ते समजायचा पक्का रस्ता याच धड्यातून जातो.

अपूर्णांक कच्चे असतील तर संभाव्यता सुरू करावी का?

जरूर. उलट अपूर्णांकांची तुलना इथे पहिल्यांदा गरजेची वाटते. एका पिशवीत ३ लाल, १ निळा मणी. दुसरीत ६ लाल, ३ निळे. न बघता लाल काढायचा आहे, कुठली पिशवी घ्याल? पुष्कळ मुलं दुसरी घेतात, कारण तिच्यात लाल जास्त. काही जण म्हणतात, "पहिलीत लाल दोनने जास्त, दुसरीत तीनने जास्त." वजाबाकीचा हा विचार सुटून भागाकारावर येणं, ३/४ आणि २/३ ची तुलना करणं, हेच खरं शिकायचं आहे. त्यासाठी अपूर्णांक आधी पक्के होण्याची वाट बघत बसलात तर वर्ष संपेल.

फलाची ओळख "यंत्रा"पासून करावी का? आत संख्या टाकली, बाहेर संख्या आली.

सुरुवातीला छान चालतं. "माझा नियम ओळखा" हा खेळ खेळा: मुलं संख्या सांगतात, तुम्ही फळ्यावर उत्तर लिहिता. नियम कळला तरी कोणी तो बोलायचा नाही. कळलेल्याने पुढचं उत्तर सांगायचं. एखादा नियम असा घ्या जो समीकरणात बसत नाही, उदाहरणार्थ "संख्या अक्षरी लिहिल्यावर पहिलं अक्षर वर्णमालेत कितवं". नाहीतर फल म्हणजे समीकरण, ही समजूत लवकर घट्ट होते.

यंत्रावर फार काळ रेंगाळू नका, असं माझं मत. यंत्र एका वेळी एकच संख्या घेतं, त्यामुळे मुलं एकेका आकडेमोडीत अडकतात. दोन राशी एकत्र कशा बदलतात हे त्यातून दिसत नाही.

ते दाखवायला काय घ्यावं?

काड्या. चार काड्यांचा एक चौरस, त्याला चिकटून दुसरा, मग तिसरा, अशी रांग. १ चौरसाला ४ काड्या, २ ना ७, ३ ना १०. दहा चौरसांना किती? मुलं तीन-तीन मिळवत ३१ वर पोचतात. मग विचारा, वीस चौरसांना? वर्गात जोरात "बासष्ट" ऐकू येतं.

इथे बोलू नका. दोन गटांना दहा-दहा चौरसांच्या रांगा करू द्या आणि त्या जोडायला सांगा. जोडताना एक उभी काडी दोनदा येते, ती उचलावी लागते. ६१. ती काडी हातात धरलेल्या मुलाला दुप्पट का चालली नाही ते पुन्हा सांगावं लागत नाही.

यानंतर शंभर चौरस विचारा, म्हणजे तीन-तीन मिळवण्याचा कंटाळा येईल. नियम वेगवेगळ्या रूपांत येतात. कोणी म्हणतं, पहिली उभी काडी एक आणि मग प्रत्येक चौरसाला तीन: १ + ३न. कोणी म्हणतं, पहिल्याला चार आणि उरलेल्यांना तीन-तीन: ४ + ३(न − १). कोणी वरच्या न, खालच्या न आणि उभ्या न + १ अशा मोजतं. तिन्ही फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि हे सारखेच आहेत का, असं विचारा. कंस सोडवायचं काहीतरी कारण मुलांना बहुधा इथे पहिल्यांदा मिळतं.

समचलन आणि रेषीय फल यांत मुलं गोंधळतात.

बासष्टची चूक हीच. समचलनात एक राशी दुप्पट झाली की दुसरीही दुप्पट होते. रेषीय फलाचा आलेख सरळ रेष असतो, पण दुपटीला दुप्पट होईलच असं नाही. एक प्रश्न हाताशी ठेवा: टाकीत २० लिटर पाणी आहे, दर मिनिटाला ५ लिटर भरतं. ५ मिनिटांनी ४५ लिटर. १० मिनिटांनी? ९० म्हणणाऱ्याला आलेख काढू द्या. रेष सरळ येते, पण आरंभबिंदूतून जात नाही. "दुपटीला दुप्पट" फक्त आरंभबिंदूतून जाणाऱ्या रेषेलाच लागू पडतं.

आलेखाचं चित्र का होतं?

सायकलवाला टेकडी चढून उतरतो, त्याच्या वेगाचा आलेख काढा म्हटलं की मुलं टेकडीच काढतात. खरं तर चढणीला वेग कमी आणि उताराला जास्त, म्हणजे आकार जवळजवळ उलटा. बाटली नळाखाली भरतानाही तेच: पाण्याच्या उंचीचा आलेख मागितला तर बाटलीची बाह्यरेषा मिळते. निमुळत्या गळ्याची पारदर्शक बाटली घ्या, मापाने पाणी ओता, दर मापाला उंची मोजा. गळ्यापाशी पाणी झपकन चढतं, तिथे आलेख उभा होतो. आधी अंदाजाचा आलेख पेन्सिलने, मग खरा पेनने, त्याच कागदावर.

आणखी एक सवय लागू देऊ नका: बिंदू दिसले की जोडायचे. काड्यांच्या आलेखात अडीच चौरस नसतात, तिथे रेष नको. पाण्याच्या आलेखात हवी.

"प्रत्येक क्ष ला एकच य" ही अट कशी पटवायची?

हजेरी क्रमांकावरून उंची सांगता येते. उंचीवरून हजेरी क्रमांक नेहमीच सांगता येतो असं नाही, कारण एका उंचीचे दोघे असू शकतात. उलटा प्रश्नही विचारा: दोन क्ष ना एकच य चालेल का? चालेल. अर्धी मुलं ही दुसरी बाजू चुकवतात. उभ्या रेषेची चाचणी (कुठलीही उभी रेष आलेखाला एकापेक्षा जास्त ठिकाणी छेदत नाही ना, हे बघणं) यानंतरच शिकवा, नाहीतर ती नुसती पट्टी फिरवण्याची कसरत होते.

"एफ ऑफ एक्स" कधी आणायचं?

एकाच आलेखावर दोन फलं आली आणि "कुठल्या नियमाने?" असा प्रश्न वर्गात उठला की. त्याआधी आणलं तर मुलं कंस बघून गुणाकार करतात. ही खूण ऑयलर यांनी १७३० च्या दशकात वापरली. त्याआधी गणित तिच्याशिवाय बरंच पुढे गेलेलं होतं, तेव्हा सहावीत घाई नको.

दोन्ही धडे खरोखर भेटतील असं एखादं उदाहरण?

फासा न वेळा टाकला, तर एकदा तरी सहा येण्याची संभाव्यता किती? मुलांचा अंदाज ठरलेला असतो: एका फेकीला १/६, दोनला २/६, सहा फेकींना ६/६, म्हणजे खात्री. विचारा, "आणि सात फेकींना ७/६?" वर्ग गप्प होतो.

प्रश्न उलटा करा: एकदाही सहा न येण्याची संभाव्यता. प्रत्येक फेकीला ती ५/६ ने गुणली जाते. एकातून वजा केल्यावर तक्ता असा येतो:

१ फेक: ०.१६७
२ फेकी: ०.३०६
३ फेकी: ०.४२१
४ फेकी: ०.५१८
५ फेकी: ०.५९८
६ फेकी: ०.६६५
१२ फेकी: ०.८८८
२४ फेकी: ०.९८७

मुलांचा अंदाज आणि हा तक्ता एकाच आलेखावर काढा. एक सरळ रेष, सहाव्या फेकीला छताला लागणारी. दुसरी वक्ररेषा, वर चढताना मंदावत जाणारी आणि १ ला कधीच न टेकणारी. प्रत्येक पायरीवर वाढ आधीच्या वाढीच्या ५/६ पट होते, हे फरक मोजून मुलांनाच शोधू द्या. सरळ नसलेल्या फलाची ही अस्सल ओळख आहे.

चार फेकींना संभाव्यता निम्म्याच्या वर जाते, तिथे थोडं थांबा. सतराव्या शतकात द मेरे नावाच्या फ्रेंच लेखकाला प्रश्न पडला होता, की चार फेकींत एक सहा येण्यावर पैज लावणं फायद्याचं, तर दोन फाशांच्या चोवीस फेकींत सहा-सहाची जोडी येण्यावर लावणं तोट्याचं कसं? प्रमाणाने सहा निष्पत्तींना चार फेकी, तशा छत्तीस निष्पत्तींना चोवीस, मग फरक कुठून? दुसरीकडे उत्तर ०.४९१ येतं. पास्काल आणि फर्मा यांच्यातल्या १६५४ च्या पत्रव्यवहारात हा प्रश्न आहे. द मेरेची चूक आणि बासष्ट म्हणणाऱ्या मुलाची चूक एकाच जातीची.

कॉम्प्युटर वापरावा का?

हाताने शंभरेक फेकी झाल्यावर. स्प्रेडशीटमध्ये यादृच्छिक संख्यांचं फंक्शन घालून दहा हजार फेकी क्षणात होतात, पण पहिल्या दिवशी दाखवल्या तर मुलांना तो पडद्यावरचा व्हिडिओच वाटतो.

परीक्षेत काय विचारावं?

"फासा टाकला, सम संख्येची संभाव्यता काढा" याला गुण मिळतात, कळत काहीच नाही. त्याऐवजी कोणाचं तरी उत्तर द्या आणि तपासायला सांगा: "चकतीवर लाल, निळा, पिवळा असे तीन भाग आहेत. लाल अर्धी चकती व्यापतो. एका विद्यार्थ्याने लिहिलं, तीन रंग म्हणून प्रत्येकी १/३. तू त्याला काय सांगशील?" फलासाठी आलेख द्या आणि त्यावरून गोष्ट लिहायला सांगा, किंवा काड्यांच्या रांगेऐवजी त्रिकोणांची रांग द्या, जिथे नियम २न + १ येतो. गुण देताना नियमाला एक आणि "तो एक कुठून आला" याच्या उत्तराला दोन ठेवा. सूत्र पाठ करणारे आणि काडी उचललेले कोण, ते तिथे वेगळे होतात.